फवारणीचा वाद आणि दोन पेशींमधली फट

पोळा झाला की आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणीचा जोर वाढतो, आणि कुणीतरी फवारता फवारता पडला की दरवर्षीचा वादही सुरू होतो. एक बाजू म्हणते, शेतकरीच बेफिकीर. मास्क लावत नाही, हातमोजे घालत नाही, औषध हातानं ढवळतो, मग दुसरं काय होणार? दुसरी बाजू म्हणते, रसायनं हेच मूळ पाप, सगळी एका दिवसात बंद करा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली, तेव्हा हाच वाद झाला. यवतमाळ पैनगंगेच्या पलीकडे, पण अलीकडे आमच्या हिंगोली-नांदेड-परभणीत तरी वेगळं काय आहे? तेच पीक, तीच औषधं, तेच पंप. इतक्या वर्षांत वाद मात्र तसूभर पुढं सरकलेला नाही. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी बोट ठेवतायत. हे विष माणसाला पाडतं ते मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत. त्या फटीत काय घडतं ते नीट समजून घेतलं, तर दुकानात कोणतं औषध असावं, कोणतं नसावं आणि तालुक्याच्या दवाखान्यात काय असायलाच हवं, हे सांगता येतं. फट न बघता केलेला वाद शेवटी मेलेल्या माणसाला दोष देण्यावर येऊन थांबतो.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझा चुलतभाऊ बांधावर येऊन बसला. घामानं सदरा पिळून काढावा असा झालेला, लाळ थांबेना, पोटात पिळा. ऊन लागलं असेल म्हणून काकूनं लिंबू-साखरेचं पाणी दिलं, ते उलटून पडलं. भर दुपार होती, म्हणून डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक दिसत असतील असं मला आधी वाटलं. घरात, अंधाऱ्या खोलीत आणला तरी त्या मोहरीएवढ्याच. दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप फडफडत होतं. आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादा, मास्क लावला होता ना मी." लावला होता, खरंच. पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं आणि सकाळपासून पाठीवर औषधाचं पाणी ठिबकत होतं, याचा त्यानं विचार केला नव्हता. आम्हीही केला नव्हता. हे औषध कातडीतून आत जातं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ती फट. मेंदूतून निघालेला संदेश मज्जातंतूतून धावतो तो विजेच्या रूपात. पेशीच्या आवरणातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि ही लाट पुढं पुढं सरकत टोकाला येते. पण टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मधे फट असते, एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करावेत त्यातल्या एका भागाएवढी. वीज ती ओलांडत नाही. लाट आली की टोकात कॅल्शियम शिरतं, तिथल्या इवल्या पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सांडतं. पलीकडे ते आपल्या जागी बसलं की स्नायू आखडतो. इथवरचं बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. खरी मेख पुढं आहे. स्नायू आखडल्यावर ते रसायन तिथून लगेच निघालं पाहिजे, नाहीतर स्नायूला पुढचा हुकूम कळणारच नाही. त्यासाठी फटीतच एक विकर बसलेलं असतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडून टाकतो. ज्यानं रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी दिलंय त्याला हे चित्रासारखं दिसेल. मोटार पाणी ढकलते, पण रान भिजवतो तो दारं धरणारा माणूस; एक सरी भरली की फावड्यानं तिचं तोंड बुजवून तो पाणी पुढं वळवतो. त्यालाच डुलकी लागली तर? मोटार चांगली, पाट चांगला, तरी रानाचा चिखल होतो.

फवारणीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या औषधांचं काम या दारं धरणाऱ्याला जखडून टाकणं, एवढंच. औषधाचा रेणू विकराच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन बसतो आणि सुटत नाही. मग ॲसिटिलकोलीन फटीत साचत जातं. ग्रंथींना हुकूम येतच राहतो, म्हणून घाम आणि लाळ. बुबुळाच्या स्नायूला येतच राहतो, म्हणून मोहरीएवढी बाहुली. दंडाचं मांस आधी फडफडतं, मग थकून लुळं पडतं, आणि छातीचे स्नायूही लुळे पडले की श्वास थांबतो. अळी मरते ती याच रीतीनं, कारण अळीच्या मज्जासंस्थेतही हेच रसायन आणि त्याच जातीचं विकर आहे. म्हणजे माणूस पडतो तेव्हा औषध चुकलेलं नसतं. ज्या कामासाठी बनवलं तेच काम ते करत असतं, फक्त दुसऱ्या देहात. या गटाचा इतिहासही हेच सांगतो. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होता. हाती आलं टाबून, आणि दोन वर्षांनी सारिन. सैन्यानं ती युद्धासाठी उचलली. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत माणसं मारायला वापरलं गेलं ते सारिनच. ताकदीत फरक आहे आणि मोठा आहे, पण काम करण्याची जागा एकच.

आणि आपण याला म्हणतो काय? औषध. "औषध मारायचंय", "औषध आणलं का", आणि कुणाच्या घरी वाईट घडलं तर दबक्या आवाजात, "त्यानं औषध घेतलं." एकच शब्द तिन्ही ठिकाणी. ज्याला दिवसभर औषध म्हणायचं, त्याची भीती संध्याकाळी कशी वाटणार? कृषी सेवा केंद्राच्या फळीवर लाल त्रिकोणाची बाटली आणि हिरव्या त्रिकोणाची बाटली शेजारी शेजारी उभ्या असतात. लाल म्हणजे अत्यंत विषारी. याच ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचं, आणि आमच्या भागात वर्षानुवर्षं सर्रास विकलं गेलं ते तेच, कारण स्वस्त.

आता समोरच्यांच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. शेतकरी चुका करतो. तीन-चार औषधं एकाच टाकीत मिसळली जातात, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारलं जातं, अडकलेला नोझल तोंडानं फुंकताना मी स्वतः पाहिलाय. यवतमाळनंतर राज्य सरकारनं ज्या पाच औषधांवर काही काळ बंदी घातली, त्यांतल्या तिघांत ऑर्गॅनोफॉस्फेट होतं, दोघांत नव्हतं. म्हणजे सगळा दोष एकाच गटाच्या माथी मारता येत नाही, हेही खरं. आणि कीड काही कुणाची वाट बघत नाही. गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाचंही कवच भेदल्यावर २०१७ च्याच हंगामात हिरव्यागार पऱ्हाट्या उपटून टाकताना लोक रडलेत. त्यांना "काही मारू नका" म्हणून सांगायला जीभ रेटत नाही.

पण या चुका होतात कुठं, तेही बघा. भाद्रपद-अश्विनात पऱ्हाटी पुरुषभर होते. फवारा डोक्याच्या वर धरावा लागतो, आणि उडालेलं सगळं तोंडावर, मानेवर उतरतं. उकाडा असा की प्लास्टिकचा सूट घालून तासभर काढला तर माणूस सुटाच्या गर्मीनं पडेल. फवारणारा बहुतेकदा शेतमालक नसतोच. तो रोजानं किंवा पंपामागं पैसे ठरवून आलेला मजूर असतो. हात धुवायला थांबला की एक पंप बुडाला. अशा माणसाच्या शंभर टक्के खबरदारीवर ज्याची सुरक्षा उभी आहे, ते औषध या रानात सुरक्षित कसं म्हणायचं? शिवाय खबरदारी घेऊनही फसवणारी एक गोष्ट त्या फटीतच दडलेली आहे. विकर एकदा कायमचं जखडलं गेलं की शरीराला ते नव्यानं बनवावं लागतं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवरचं विकर भरून येतं ते रोज साधारण एक टक्क्यानं. आज थोडं जखडलं, परवा थोडं, आठवड्यानं आणखी थोडं. माणसाला काहीच जाणवत नाही, कारण शिल्लक विकर कसंबसं काम ओढत असतं. मग एके दिवशी, आदल्या दिवशीइतकंच औषध अंगावर पडलेलं असताना, तो कोसळतो. सगळे म्हणतात, आजच काहीतरी चूक केली असेल. चूक आजची नसतेच, ती तीन आठवडे साठत आलेली असते. "काल काही झालं नाही" हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. फक्त त्यावर भिस्त ठेवावी असं हे विष नाही.

इथं मला देहेडच्या माणसाची आठवण येते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव, आणि तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर. नोकरीसाठी ते कोकणात महाडच्या बाजूला गेले आणि लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट मरताना त्यांनी पाहिली. त्या वेळचा शहाणपणा काय होता? पाय टाकताना बघा, चपला झटकून घाला. सल्ला चुकीचा नव्हताच, पण माणसं मरत होती. बावस्करांनी विचारलं, विष करतं काय? उत्तर पुन्हा मज्जातंतूंच्या टोकांशीच होतं. विंचवाचं विष या टोकांना संदेशाची रसायनं बेफाम सोडायला लावतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय खचतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. मग त्या रसायनांची पलीकडची जागाच अडवणारं, रक्तदाबासाठी वापरात असलेलं प्राझोसिन त्यांनी रोग्यांना द्यायला सुरुवात केली. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आलं. विंचू आजही तेवढेच आहेत, शेतकरी आजही अनवाणी चालतो. बदललं ते एवढंच, की कुणीतरी दंश झालेल्याच्या हलगर्जीपणावरची नजर काढून विषाच्या कामाकडं वळवली. फवारणीच्या बाबतीत आपण अजून चपला झटका म्हणण्यापाशीच उभे आहोत.

विषाच्या कामाकडं नजर वळवली की दिसतं काय? पहिलं म्हणजे सगळी कीटकनाशकं सारखी नाहीत, म्हणून "सगळी बंद करा" आणि "सगळी चालू द्या" ही दोन्ही वाक्यं सारखीच आळशी आहेत. काही औषधं किडीच्या आणि आपल्या, दोघांच्याही फटीत सारखाच घाव घालतात. इमिडाक्लोप्रिड पलीकडच्या जागेवर बसतं, पण किडीच्या जागेला ते जितकं घट्ट धरतं तितकं माणसाच्या जागेला धरत नाही. क्लोरँट्रानिलीप्रोल किडीच्या स्नायूतलं कॅल्शियमचं दार मोकाट उघडतं, आपल्या दाराला ते फारसं ओळखत नाही. काही औषधं अळीची कातच घडू देत नाहीत. ती ज्या कायटिनची बनते ते आपल्या अंगात नाहीच. बोंडअळीसाठी मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून घेणारे कामगंध सापळे आहेत, निंबोळी अर्क आहे, फरदड न घेणं, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी पुढं न राखणं आहे. मग कीड मारायची की माणूस वाचवायचा, असा पेच उरतो कुठं? प्रश्न उरतो तो पैशाचा, कारण माणसाला कमी घातक औषधं बहुतेकदा महाग. तो सरकारनं सोडवायचा प्रश्न आहे. पंपाला, बियाण्याला अनुदान मिळतं, तर इथं का नाही?

बंदीनं काही होत नाही, लोक चोरून आणतात, असं म्हणणाऱ्यांनी श्रीलंका बघावी. १९९५ मध्ये तिथं सर्वांत घातक गटातली कीटकनाशकं हटवली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. त्या वेळी श्रीलंकेचा आत्महत्येचा दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता. २००५ पर्यंत तो निम्म्यावर आला. माणसांची दुःखं दहा वर्षांत निम्मी झाली होती का? नाही. पण असह्य झालेल्या एका घटकेत हाताशी येणारी बाटली तितकी जीवघेणी राहिली नाही, आणि ती घटका टळली की बहुतेक माणसं जगतात. मराठवाड्यात हे वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढं आपल्या ओळखीचं घर येणार नाही? यावर लोक २०२१ ची श्रीलंका पुढं करतात. तिथं रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि भाताचं उत्पादन कोसळलं. तो निर्णय चुकलाच, आणि नेमका "सगळी बंद करा" म्हणणाऱ्यांच्या वळणाचा होता. आधीची बंदी निवडक होती, विषाचं काम बघून घातलेली होती, आणि तिनं पिकं बुडाली नाहीत. एकाच देशानं दोन्ही वाटा चालून दाखवल्यात.

आपल्याकडे काय झालं? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्ये बंदी आली. भाजीला नको, कापसाला चालेल. जणू कापूस फवारणाऱ्याच्या अंगात वेगळं विकर असतं. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणाच्या तेलातून हेच औषध पोटात गेलं आणि २३ लेकरं दगावली. मग यवतमाळ. मोनोक्रोटोफॉसच्या सर्वाधिक खपाच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द व्हायला २०२३ उजाडलं. अठरा वर्षं! त्याच गटातली प्रोफेनोफॉससारखी औषधं अजून विक्रीत आहेत. त्यांच्यासाठी आणखी अठरा वर्षं थांबायचं का?

दवाखान्याचं वेगळंच दुखणं आहे. या विषावर उतारा आहे, आणि तोही फटीतलाच. ॲट्रोपिन पलीकडच्या काही जागा अडवून ठेवतं, त्यामुळे लाळेचा पूर थांबतो आणि हृदयाची गती सावरते. ॲट्रोपिन मुळात बेलाडोनाच्या कुळातलं, आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. म्हणून धोतरा देऊ पाहणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, त्यात मात्रा कळत नाही, माणूस दुहेरी विषानं मरतो. दुसरं प्रॅलिडॉक्सिम. जखडलेल्या विकराला सोडवू पाहणारं हे औषध वेळेत दिलं तरच काही करू शकतं, कारण विषाची पकड हळूहळू पक्की होते, आणि मोनोक्रोटोफॉससारख्यांत त्याला काही तासच लागतात. त्याच्या उपयोगावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला २०० रोग्यांचा अभ्यास, ज्यात ते मोठ्या मात्रेत सलग दिल्यानं फायदा दिसला, तो आपल्याच बारामतीत झालेला आहे. माझ्या भावाला आम्ही पहिल्यांदा नेलं तिथं ॲट्रोपिनच्या मोजक्याच कुप्या होत्या. एका रोग्याला कुपीमागून कुपी लागते. दीड तास गाडीत, मान माझ्या मांडीवर, पुढच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याचे श्वास मोजत होतो. उतारा त्याच्या गावापासून किती लांब ठेवायचा, हे त्या मजुराच्या हलगर्जीपणानं ठरवलं होतं का?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांतही या फटीवरून असाच कडाक्याचा वाद झाला. संदेश फट ओलांडतो तो विजेनं की रसायनानं? १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंदावली, मग त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर घातलं, तर तेही मंदावलं. द्रवात काहीतरी होतं. १९२६ पर्यंत लोवींनी हेही दाखवलं की हे रसायन तोडणारं काहीतरी शरीरात आहे आणि एका वनस्पतीजन्य विषानं ते अडवता येतं. तरी मेंदू आणि मज्जारज्जूपुरता विजेचा पक्ष लढत राहिला, आणि त्याचे सेनापती होते जॉन एकल्स. १९५१ मध्ये एकल्स यांनी मज्जारज्जूतल्या पेशीत बारीक काचेची नळी घालून मोजलं, आकडा स्वतःच्या मताच्या उलट आला, आणि त्यांनी जाहीरपणे बाजू बदलली. पुढं १९६३ मध्ये नोबेल मिळालं ते त्यांनाच. वाद मिटला कारण मोजमाप फटीपाशी झालं.

आपल्याकडे असं मोजमाप शक्य आहे, आणि त्याला काचेची नळी लागत नाही. कोलिनेस्टरेजची पातळी साध्या रक्ततपासणीत कळते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून हे विष हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या रक्तावर नजर ठेवण्याचा नियम आहे. हंगामाआधी मूळ पातळी घेतात, कामाच्या दिवसांत पुन्हा तपासतात, ठरलेल्या मर्यादेखाली घसरली की मजुराला फवारणीवरून काढतात, आणि मूळच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत लावत नाहीत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मृगाआधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा फवारणी करणाऱ्यांचं रक्त घेणं अशक्य आहे का? गावात कोण फवारतो हे आशाताईंना नावानिशी ठाऊक असतं. बेफिकिरी होती की विष साठत आलं होतं, हे मग तर्कानं ठरवावं लागणार नाही, कागदावर दिसेल.

माझ्या भावाचं रक्त पहिल्यांदा तपासलं गेलं ते तो पडल्यावर. अहवालात एक आकडा आला. डॉक्टर म्हणाले, कमी आहे, पण याचा मूळचा किती होता ते माहीत नाही, त्यामुळे किती पडला ते नेमकं सांगता येत नाही. यंदा मृगाच्या आधी तो एकटाच परभणीला गेला, स्वतःच्या पैशानं तपासणी करून आला, आणि तो कागद घडी घालून सात-बाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला. गावात फवारणीला जाणारे आणखी चाळीसेक जण आहेत. त्यांतल्या कुणाकडेही असा कागद नाही.